वाशिष्ठीच्या काठची दोन वीजघरे

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



चिपळूणवरून वाहणारी वाशिष्ठी ही काही मोठी नदी नव्हे. सह्याद्रीत उगम पावून ती थोड्याच अंतरावर दाभोळच्या खाडीतून समुद्रास मिळते. परंतु या लहानशा प्रवाहाच्या दोन टोकांना आपल्या देशातील विजेच्या इतिहासाची दोन प्रकरणे उभी आहेत. वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात, पोफळीचे वीजघर आहे. कोयनेचे पाणी तेथे चाके फिरविते, खाली कोळकेवाडीस पुन्हा एकदा कामास लागते आणि मग वाशिष्ठीत उतरते. खालच्या अंगाला, खाडीच्या मुखाशी, गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे दुसरे वीजघर आहे. ते दाभोळ या नावाने, आणि त्याहूनही अधिक एन्रॉन या नावाने, आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॅट, अंजनवेलची १९६७. कागदावर पाहिले तर दोघी जुळ्या बहिणीच म्हणावयाच्या. पण थोरली साठ वर्षांहून अधिक काळ काम करीत आली आहे, आणि धाकटी जन्मल्यापासून सुमारे दोन वर्षांतच अंथरुणास खिळली.

हे असे का व्हावे? अंजनवेलची यंत्रे वाईट होती काय? मुळीच नाही. ती जगातील नामांकित कारखान्यांतून आली होती. ती बसविणारे अभियंते नवखे होते काय? तेही नाही. मग पैसा कमी पडला म्हणावे, तर पैसा इतका होता की देशात तोवर एवढी परदेशी गुंतवणूक एका ठिकाणी क्वचितच झाली असेल. उणीव होती ती यंत्रशाळेत नव्हे, कचेरीत. निर्णय कोणी घ्यावयाचा, कोणास विचारून घ्यावयाचा, हिशेब कोणी तपासावयाचा आणि तोटा आला तर तो कोणाच्या माथी बसावयाचा, या चार प्रश्नांची उत्तरे म्हणजेच राज्यकारभाराचे धोरण. वीजघर चालणे न चालणे हे पुष्कळदा या उत्तरांवर अवलंबून असते. ते कसे, एवढेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे. मी शाळामास्तर आहे, अभियंता नव्हे. तेव्हा टर्बाइनच्या पोटात न शिरता मी कागदपत्रांच्या बाजूनेच बोलेन.

प्रथम थोरलीकडे वळू. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडून वीज निर्माण करावी ही कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टाटांच्या कंपनीने त्या खोऱ्याची पाहणी केली होती. पुढे मंदीचे दिवस आले व ते मागे पडले. स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम आपल्या हाती घेतले आणि १९५४ साली त्यास प्रत्यक्ष आरंभ झाला. हेळवाकजवळ धरण, नवजा येथून डोंगर पोखरून काढलेला बोगदा, आणि पलीकडे कोकणच्या अंगास भूमिगत वीजघर, अशी ही योजना होती. १९६२ साली पहिले जनित्र फिरू लागले.

आता या आठ वर्षांत राज्यात काय काय घडले ते आठवून पाहा. काम सुरू झाले तेव्हा जुने मुंबई राज्य होते आणि मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. १९५६ साली द्विभाषिक राज्य आले व यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राचे एवढे मोठे आंदोलन झाले, रस्त्यांवर रक्त सांडले, आणि १ मे १९६० रोजी राज्याचा नकाशाच बदलला. बेळगावच्या श्रोत्यांस त्या नकाशाचे दुःख निराळे सांगावयास नको. इतक्या उलथापालथी होत असता हेळवाकचे काम मात्र थांबले नाही. आधीच्या मुख्यमंत्र्याने केलेला करार नव्या मुख्यमंत्र्याने फाडला, असे घडले नाही. कारण फाडण्याजोगा करारच नव्हता. धरण सरकारचे, वीजघर सरकारचे, आणि वीज घेणारे राज्य विद्युत मंडळ, जे १९६० साली स्थापन झाले, तेही सरकारचेच. लाभ आणि तोटा एकाच घरात होता.

दुसरी गोष्ट अशी की, कोयना एकदम १९६० मेगावॅटची उभी राहिली नाही. पहिला टप्पा तीनशे मेगावॅटहूनही कमी होता. त्याची वीज खपू लागली, कारखाने आले, मग दुसरा टप्पा आला. कोळकेवाडीचा तिसरा टप्पा सत्तरीच्या दशकात. आणि एक हजार मेगावॅटचा चौथा टप्पा तर शतक संपता संपता. १९९९ साली जलाशयाच्या तळाखालून बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडविण्याचा, ज्यास लेक टॅपिंग म्हणतात, तो प्रयोग तेथे झाला. म्हणजे चाळिसांहून अधिक वर्षे ही योजना मागणीच्या पावलाने चालत आली. घरात माणसे वाढतील तशी खोली वाढवावी, हा आपल्याकडील जुना शहाणपणा. तोच येथे मोठ्या प्रमाणावर दिसतो.

कोयनेवर संकटे आली नाहीत असे मात्र कोणी समजू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १८० माणसे मरण पावली आणि धरणास तडे गेले. धरण दुरुस्त करून अधिक भक्कम करण्यात आले व वीज चालू राहिली. मग पाण्याचा तंटा आला. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी पूर्वेकडे जावयाचे ते आपण पश्चिमेस वळविले, तर खालच्या राज्यांनी ते का सोसावे? कृष्णा पाणी तंटा लवादाने, ज्यास आपण बच्छावत लवाद म्हणतो, कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घालून दिली. ही मर्यादा महाराष्ट्रास जाचक वाटत आली आहे हे खरे. पण ती ठरलेली आहे, लिहिलेली आहे, आणि म्हणूनच वीजघराचे वर्षाचे गणित त्याप्रमाणे मांडता येते. कडक नियमाने प्रकल्प मरत नाही; तो मरतो रोज बदलणाऱ्या नियमाने.

येथपर्यंत ऐकून कोणास वाटेल की मास्तर सरकारी कामाचे पोवाडे गात आहेत. तसे नाही. कोयनेच्या खात्यावर एक मोठे कर्ज आहे आणि ते अजून पुरते फिटलेले नाही. धरणाखाली सुमारे शंभर गावे गेली. तेव्हा जमीन घेण्यास होता तो १८९४ चा इंग्रजी अमदानीतील कायदा. त्यात मोबदल्याचा विचार होता, पण उठविलेल्या माणसाने पुढे कोठे राहावे व काय खावे याचा विचार नव्हता. याच कायद्याखाली मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरे टाटांच्या धरणासाठी घेतली गेली होती आणि १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला होता, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले होते, हे आपण शाळेत शिकवितो. तीस-पस्तीस वर्षांनंतरही, आपलेच राज्य असता, कायदा तोच राहिला. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली. तोवर कोयनेचे लोक साताऱ्यापासून सोलापूर, रत्नागिरी, ठाण्यापर्यंत विखुरले गेले होते. २०१८ साली त्यांच्या वारसांनी कोयनानगरास ठिय्या दिला, तो जमिनी व नागरी सुविधा मिळाव्यात म्हणून. साठ वर्षांपूर्वी उठविलेल्या माणसाचा नातू ज्या कागदासाठी उन्हात बसतो, तो कागद देणे ही सुद्धा वीजघर बांधण्याइतकीच सरकारची जबाबदारी होती. विजेचा दर स्वस्त दिसतो तेव्हा त्यातील काही भाग कोणीतरी आधीच भरलेला असतो.

आता धाकटीकडे येऊ.

१९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली, आणि नव्या आर्थिक धोरणाबरोबर वीजनिर्मितीचे दारही खाजगी व परदेशी कंपन्यांस उघडण्यात आले. विजेचा तुटवडा खरोखरच होता. माझ्या शाळकरी वयात संध्याकाळी दिवे गेले की काचा पुसलेला कंदील ठेवलेलाच असे. तेव्हा नवी वीजघरे हवीत याबद्दल दुमत असण्याचे कारण नव्हते. दुमत असावयास हवे होते ते रीतीबद्दल. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीची माणसे आली, जागा पाहिली, आणि २० जून रोजी राज्य विद्युत मंडळाने त्यांच्याबरोबर समजुतीच्या करारावर सह्या केल्या. निविदा मागविल्या नाहीत. हीच वीज आणखी कोण किती भावाने देईल हे विचारले नाही. आपण घराचे छप्पर शाकारावयाचे तरी दोन गवंड्यांस भाव विचारतो. येथे दोन हजार मेगावॅटच्या वीजघरासाठी एकच दुकान पाहिले गेले.

जागतिक बँकेचे मत मागविण्यात आले. १९९३ साली बँकेने पैसे देण्यास नकार दिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की, परदेशातून आणलेला द्रवरूप वायू महाग आहे, एवढी मोठी क्षमता एकदम खपणार नाही, आणि मंडळास त्यापायी आपली स्वस्त कोळशाची वीजघरे बंद ठेवून ही महाग वीज घ्यावी लागेल. एवढे स्पष्ट मत हाती असूनही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदीचा वीस वर्षांचा करार झाला. त्यातील कलमे जनतेसमोर ठेवण्यात आली नाहीत. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेच्या अभ्यासकांनी पुढे आकडेमोड करून या कराराचा बोजा किती होईल हे दाखविले. ते काम खरे तर सरकारच्या कचेरीत व्हावयास हवे होते.

हा करार समजण्यास मी वर्गात देतो तो खाणावळीचा दाखला येथे देतो. समजा, एका खाणावळीचा महिना तीन हजार रुपये आहे आणि महिन्याची साठ ताटे आहेत. सगळी जेवलात तर ताट पन्नास रुपयांस पडले. पण आपण गावी गेलात आणि वीसच ताटे जेवलात, तरी तीन हजार द्यावयाचेच. मग ताट दीडशे रुपयांस पडले. खाणावळवाल्याने भाव वाढविला काय? नाही. आपण कमी जेवलो, एवढेच. आता यावर आणखी अटी घाला. तांदूळ महागला तर तो फरक वेगळा द्यावयाचा. महिन्याचे पैसे रुपयांत नव्हे, डॉलरच्या भावाने द्यावयाचे. आणि आपण दिले नाहीत तर आपल्या वडिलांनी द्यावेत, वडिलांनी न दिल्यास आजोबांनी, असे आधीच लिहून द्यावयाचे. दाभोळच्या करारात वडील म्हणजे महाराष्ट्र सरकारची हमी आणि आजोबा म्हणजे केंद्र सरकारची प्रतिहमी. करार झाला तेव्हा डॉलर साधारण एकतीस रुपयांस होता. २००१ साली तो सेहेचाळिसांच्या पुढे गेला होता. ज्याच्या हाती रुपयाचा भाव नाही, वायूचा भाव नाही आणि गिऱ्हाईकाची भूकही नाही, त्या विद्युत मंडळावर या तिन्हींचा धोका टाकण्यात आला. धोका ज्यास सांभाळता येईल त्याच्याकडे द्यावा, हे व्यवहाराचे साधे सूत्र येथे पार उलटे झाले.

मग राजकारण आले. १९९५ च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा झाली. नवे सरकार आले, गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने तपास केला, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर झाले. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. काही महिन्यांतच पुन्हा बोलणी होऊन करार पुनरुज्जीवित झाला. आणि यातील खरी गंमत, गंमत म्हणावयास जीभ धजत नाही, ती अशी की, आधी दुसरा टप्पा घ्यावा की न घ्यावा हे मंडळाच्या इच्छेवर होते, ते आता बंधनकारक झाले, व एकूण क्षमताही वाढली. केंद्राच्या प्रतिहमीस १९९६ च्या मे महिन्यात, तेरा दिवस टिकलेल्या मंत्रिमंडळाने, जाता जाता मंजुरी दिली. एका पक्षाने करार केला, दुसऱ्याने तो मोडून मोठा केला. तेव्हा दोष अमुक एका रंगाचा होता असे म्हणून सुटका करून घेता येत नाही.

स्थानिक लोकांचे काय? ज्यांचा मासा खाडीत आणि आंबा डोंगरावर, त्यांनी विरोध केला. १९९७ साली झालेल्या निदर्शनांच्या वेळी पोलिसांनी त्यांच्याशी जे वर्तन केले, त्यावर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ साली अहवाल प्रसिद्ध केला. विचारविनिमयाची खोली बंद ठेवली की मग रस्ताच बोलू लागतो.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्था या इंधनावर. तेलाचे भाव चढले, मागणी अंदाजाप्रमाणे आली नाही, आणि २००० च्या पावसाळ्यात या विजेचा दर एका युनिटास सात रुपये ऐंशी पैशांपर्यंत गेला. त्याच सुमारास एक नवी संस्था उदयास आली होती. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग म्हणू लागला की, मंडळाने आधी स्वस्त वीज घ्यावी, महाग शेवटी. नियम अगदी शहाणपणाचा. पण खाणावळीचे गणित आठवा. जितकी कमी वीज घ्यावी तितकी ती युनिटागणिक महाग, आणि जितकी महाग तितकी ती कमी घ्यावयाची. या भोवऱ्यात मंडळ सापडले.

येथे मंडळाच्या घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेतीपंपांना मीटर न लावता अश्वशक्तीवर आकारणी करण्याची पद्धत कित्येक वर्षे चालत आली होती. शेतकऱ्यास सवलत द्यावी यात वावगे काहीच नाही. मीही त्याच मताचा आहे. पण मीटर नसल्यामुळे किती वीज शेतात गेली आणि किती वाटेत चोरीस गेली हे कळेनासे झाले. जी वीज हिशेबात सापडत नाही ती शेतीच्या नावे टाकावयाची, ही सोय झाली. मंडळ आपली गळती अठरा टक्क्यांच्या आत सांगत असे. आयोगापुढे उघड सुनावणी झाली तेव्हा ती तिशीच्याही पुढे असल्याचे निघाले. ज्याचे स्वतःचे मडके गळके आहे त्याने बाजारातील सर्वांत महाग दूध वीस वर्षांच्या बोलीने घेतले होते.

शेवट आपणां सर्वांस ठाऊक आहे. मंडळाने पैसे थकविले, २००१ च्या आरंभी कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटविली, मे अखेर वीज घेणे बंद झाले, आणि नव्वद टक्के पुरा झालेला दुसरा टप्पा तसाच पडून राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन स्वतःच दिवाळखोर ठरली, आपल्या हिशेबांतील लबाडीमुळे. निवृत्त केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला, त्यात केंद्र व राज्य अशा सर्व स्तरांवर कारभारच अपयशी ठरल्याचे म्हटले आहे. २००५ साली नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन आणि गेल या सरकारी कंपन्यांनी पुढे येऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढली, परदेशी भागीदारांचे तंटे मिटविण्यात आले, आणि पुढील वर्षी यंत्रे पुन्हा फिरू लागली. पण कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातील ज्या देशी वायूवर भिस्त ठेवली, तो आटला, व २०१३ मध्ये वीजघर पुन्हा गप्प झाले; मग २०१५ च्या अखेरीस रेल्वेने पाचशे मेगावॅट घेण्याचे ठरविले तेव्हा थोडीफार धुगधुगी आली. वायू उतरविण्याच्या धक्क्यास लाटा अडविणारा बांध अपुरा राहिल्याने पावसाळ्यात जहाजे लागत नसत, ही स्थितीही अनेक वर्षे होती. एक बांध, आणि तो कोणी बांधावा याचा तंटा!

कोणी म्हणेल, ही तुलनाच अन्यायाची आहे. कोयनेचे इंधन आकाशातून पडते आणि दाभोळचे जहाजातून विकत येते. आक्षेप रास्त आहे. पण इंधन कोणते निवडावयाचे हाही धोरणाचाच निर्णय होता, आणि त्याविरुद्ध इशारा आधीच मिळालेला होता. तसेच, सरकारी ते चांगले व खाजगी ते वाईट असाही निष्कर्ष मी काढीत नाही. तो चुकीचा ठरेल, आणि त्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे.

२००३ साली नवा वीज कायदा आला. पुढे निर्मितीची कंत्राटे उघड चढाओढीने द्यावीत असे धोरण ठरले. २०१७ साली राजस्थानातील भादला येथे सौर विजेसाठी खाजगी कंपन्यांच्या बोली झाल्या, तेव्हा दर दोन रुपये चव्वेचाळीस पैशांपर्यंत खाली आला. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथे २०५० मेगावॅटचे सौर उद्यान झाले आहे. म्हणजे आकाराने कोयना व अंजनवेल यांच्याच पंक्तीस बसणारे, जरी सूर्य रात्री मावळत असल्याने वर्षाची वीज त्यामानाने थोडी. तो दुष्काळी मुलूख. तेथे सुमारे तेरा हजार एकर जमीन सरकारने शेतकऱ्यांकडून हिरावून घेतली नाही, तर भाडेपट्ट्याने घेतली: एकरी वर्षाला एकवीस हजार रुपये, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. कोयनेच्या माणसास असे काही मिळाले असते तर! अर्थात जो दुसऱ्याच्या शेतात मजुरीस जात होता त्याचे शेतही गेले नाही आणि भाडेही आले नाही. त्याचा रोजगार मात्र गेला. हा प्रश्न पावगड्यानेही सोडविलेला नाही.

आणि करार मोडण्याची खोडही गेलेली नाही. २०१९ साली आंध्र प्रदेशात नवे सरकार आले व त्याने आधीच्या सरकारने केलेले वारा आणि सूर्य यांच्या विजेचे दर कमी करण्याचा घाट घातला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०२२ साली न्यायालयाने कराराप्रमाणेच पैसे द्यावेत असा निर्णय दिला. मधली तीन वर्षे कंपन्यांचे पैसे अडकले. हैदराबादकडील श्रोत्यांनी हे सारे जवळून पाहिले असेल. दाभोळचा करार वाईट होता आणि तो मोडला गेला. हे करार उघड रीतीने झालेले होते, तरी मोडू पाहिले गेले. सावकार दोन्हींत फरक करीत नाही. तो पुढल्या वेळी व्याज वाढवितो, आणि ते व्याज आपल्या बिलात येते.

गोव्याच्या श्रोत्यांसाठी एक शेवटची गोष्ट. गोवा आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरून घेतो. तेव्हा तेथे प्रश्न वीजघराचा नसून तारांचा. गोवा-तमनार नावाच्या योजनेतील ४०० किलोवोल्टची एक वाहिनी धारवाडजवळील नरेंद्र येथून केपे तालुक्यातील शेल्डे येथे यावयाची होती, आणि तिचा आखलेला मार्ग भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान यांतून जात होता. २०२० पासून तरुण मंडळींनी मोले वाचविण्याची चळवळ केली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने सुचविले की, नवी वाट तोडू नका; जुन्या २२० किलोवोल्टच्या वाहिनीसाठी जंगलात आधीच मोकळा केलेला पट्टा आहे, त्यातूनच नवी वाहिनी न्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने ते मान्य केले. आता पाहा, हा पर्याय काही आकाशातून पडला नाही. जुना पट्टा तेथे होताच. मार्ग आखतानाच चार माणसांस विचारले असते तर तो पहिल्या दिवशीच सुचता, आणि कंत्राट दिल्यानंतरची वर्षे न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेली नसती. विचारण्यात वेळ जातो अशी तक्रार अधिकारी नेहमी करतात. न विचारण्यात किती जातो, याचा हिशेब त्यांनी एकदा मांडावा.

दाभोळच्या वेळी नसलेली एक सोय आज आपणांस आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण, महाराष्ट्र या प्रत्येक राज्यात विद्युत नियामक आयोग आहे. गोव्यासाठी केंद्रशासित प्रदेशांबरोबरचा संयुक्त आयोग आहे. दर ठरविण्यापूर्वी या आयोगांना जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात आणि उघड सुनावणी घ्यावी लागते. कोणताही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. वकील लावावा लागत नाही. कंपनीने मागणीचा अंदाज कशावरून केला, गळती किती, नव्या करारात इंधनाचा व रुपयाचा धोका कोणाच्या माथी आहे, हे तीन प्रश्न एका पोस्टकार्डावर मावतील. मात्र सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या दाखल्यांच्या शेजारी, बारीक अक्षरांत छापलेली असते. ती पाहून ठेवावी, आणि हरकत देण्याची शेवटची तारीख पंचांगावर लिहून ठेवावी.